विषारी झाड कल्पताना त्याच्या शेजारी कोण राहतं तेही लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शाळकरी मुलांच्या फँटसी गोष्टी छापायला सुरुवात केलीत त्याबद्दल आधी मनापासून आभार. पोरं स्वतःचं अख्खं जग रचतायत, नकाशे काढतायत, तिथली झाडं, बुरशी, प्राणी सगळं स्वतः ठरवतायत आणि ते सगळं मराठीत लिहितायत, हे बघून फार बरं वाटतं. मी हायस्कूलला जीवशास्त्र शिकवते आणि शनिवारी शाळा सुटल्यावर काही पोरांबरोबर फासे टाकून खेळायचा गोष्टींचा गेम खेळते, त्यातलं जग आमचं आम्हीच बनवतो, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आणि म्हणूनच हे पत्र. जरा लांबलंय, पण जमलं तर काटछाट न करता छापा ही विनंती.

आत्तापर्यंत आलेल्या गोष्टींमध्ये धोक्याचं जंगल बहुतेक सगळ्यांत आहे. माणूस गिळणारं झाड, हात लावला की दगड करून टाकणारं फूल, वास घेतला की जीव जाईल अशी भूछत्री. कल्पना भन्नाट आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण वाचताना सारखं जाणवतं की त्या झाडाच्या आसपास कुणी राहतच नाही. हिरो येतो, झाड अंगावर येतं, हिरो तलवार काढतो, संपलं. हिरो यायच्या आधी त्या जंगलात कोण होतं, त्यांची गुरं कुठे चरायची, त्यांच्या पोरांना त्या फुलाबद्दल कुणी काय सांगून ठेवलंय, त्या झाडाचा कुणाला काही उपयोग होता का, याचा काही पत्ताच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की विषारी झाड कल्पायचं असेल तर आधी त्याच्या शेजारी राहणारी माणसं, पक्षी, उंदीर, मुंग्या हे कल्पा, मग विष कसलं असावं ते आपसूक सुचत जातं.

आता हे शेजारी विसरायचं काम काही आपल्या पोरांनीच केलेलं नाही, मोठ्या माणसांनी फार आधी करून ठेवलंय. १७८३ साली लंडनच्या एका मासिकात जावा बेटावरच्या उपास नावाच्या झाडाचं वर्णन छापून आलं होतं. लिहिणारा म्हणे डच कंपनीचा सर्जन, आणि त्याचं म्हणणं असं की या झाडाच्या नुसत्या वाफेने चारी बाजूला पंधरा-पंधरा मैल काही जगत नाही, गवत नाही, पक्षी नाही, उंदीर नाही, आणि तिथला राजा फाशीच्या कैद्यांना झाडाचा डिंक आणायला पाठवतो, वारा पाठीमागून असेल तर एखादा परत येतो. युरोपभर हे खरं मानलं गेलं, कवींनी कविता लिहिल्या. नंतर वनस्पतीशास्त्रज्ञांनी जाऊन बघितलं तर झाड खरंच होतं, चीकही विषारी होता, बाणाच्या टोकाला लावायचे, रक्तात गेला की हृदयावर परिणाम करतो, पण झाडाखाली बसून कुणी मरत नाही आणि भोवती गच्च हिरवं रान असतं.

गंमत पुढे आहे. हेच झाड आपल्याकडे सह्याद्रीतही आहे, कोकणातनं खाली कारवार-कुर्गपर्यंत, मराठीत त्याला चांदकुडा म्हणतात. आणि पश्चिम घाटातल्या लोकांनी त्याचं काय केलं? पोती केली! फांदीचा किंवा खोडाचा पाहिजे तेवढा लांब तुकडा तोडायचा, थोडा भिजवायचा, दांडक्याने चहूबाजूंनी बडवायचा, आतली साल लाकडापासून सुटी झाली की मोजा उलटा काढतात तशी उलटी ओढून काढायची, आणि लाकूड कापताना खालची एक चकती मात्र तशीच ठेवायची, तोच पोत्याचा तळ. शिवण नाही, दोरा नाही. त्यात भात भरायचे. म्हणजे लंडनमधल्या वाचकाला ज्या झाडाच्या नावाने घाम फुटत होता त्याच्याच सालीत आपल्याकडे भात साठवला जात होता. मला विचाराल तर या दोन गोष्टींतली पोत्याची गोष्ट कल्पनेला कितीतरी जास्त खाद्य देते. आपल्या जगात एक गाव टाका जिथे सगळ्यात विषारी झाडाच्या सालीपासून कपडे होतात, आणि बघा पोरं किती प्रश्न विचारतात ते. साल कोण काढतं, कुठल्या महिन्यात काढतं, हाताला काय लावतं, बाहेरच्या व्यापाऱ्याला यातलं किती सांगतात आणि किती नाही.

दुसरं उदाहरण तर सरळ बनावट होतं. १८७४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका पेपरात मादागास्करमधल्या माणूसखाऊ झाडाची बातमी आली, तिथली एक जमात त्या झाडाला बाईचा बळी देते वगैरे. झाड खोटं, जमात खोटी, बघणारा जर्मन संशोधकही खोटा. पण ती बातमी पुढे कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा छापली गेली आणि मादागास्करच्या लोकांवर रानटीपणाचा शिक्का बसला तो बसलाच. म्हणून मी पोरांना सांगते की झाड कल्पित असलं तरी त्याच्या शेजारी उभी केलेली माणसं कुणासारखी दिसतात ते बघा. आपल्याकडेही गोष्टीत विषारी जंगल आलं की लगेच पिसं लावलेले, ढोल वाजवणारे, बळी देणारे वनवासी येतात. ठाकर, कातकरी, वारली ही माणसं आपल्या तालुक्याच्या बाजारात दर आठवड्याला भेटतात हो, त्यांच्याबद्दल असं काहीतरी वाचताना त्यांच्या पोरांना काय वाटेल? माझ्या वर्गात ती पोरं बसतात.

आणि त्यांच्याकडूनच शिकण्यासारखं किती आहे ते बघायचं तर जूनमध्ये पहिले दोन-चार पाऊस पडले की रायगड-ठाणे-पालघरकडच्या कुठल्याही बाजारात जा. आदिवासी बायका शेवळं घेऊन बसलेल्या असतात. सुरणाच्याच कुळातलं हे रानटी भावंड, जमिनीतनं लालसर तपकिरी पान गुंडाळल्यासारखा कोंब वर येतो, त्याच्या जुड्या बांधून विकतात. घशाला प्रचंड खाजरं. सुरणात, अळूत असतात तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक यात असतात, ते जिभेत-घशात टोचतात. म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं चिरून शिजवायचं आणि त्यात काकडाच्या फळांचा आंबट रस घालायचा. आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की ती काकडं त्याच बाईच्या टोपलीत, शेवळांच्या जुडीशेजारीच ठेवलेली असतात. हिरवी, आवळ्याएवढी, आंबट. दोन्ही एकाच वेळी येतात. कुणी फक्त शेवळं मागितली तर ती बाई स्वतःहून विचारते, काकडं नकोत का ताई? दुखणं आणि उतारा एकाच टोपलीत, एकाच पावसात, आणि दोन्ही विकणारी बाई एकच. एवढी सुंदर जादूची व्यवस्था मी कुठल्याच फँटसीत वाचलेली नाही.

आता याच्यावर गेममध्ये काय करता येतं बघा. आमच्या पोरांनी एक कंद बनवला, खाल्ला की माणसाला अंधारात दिसतं पण घसा सुजून श्वास अडकतो, आणि त्याचा उतारा म्हणजे एका झाडाचं फळ, तेही त्याच पंधरवड्यात पिकणारं. मग एक मुलगी म्हणाली, एका वर्षी पाऊसच उशिरा आला तर? कंद वर आला आणि फळ अजून कच्चंच, तर? झालं, पुढचे कितीतरी शनिवार त्याच प्रश्नावर गेम चालला. राक्षस नाही, लढाई नाही, नुसता पाऊस उशिरा आला, आणि सगळ्यांचे जीव टांगणीला लागले.

कोकणातला काजरा घ्या, ज्याला कुचला म्हणतात तो. नारिंगी, छोट्या संत्र्यासारखी गोल गुळगुळीत फळं, आत गर आणि गरात बटणासारख्या चपट्या, रेशमी लव असलेल्या राखाडी बिया. त्या बियांत स्ट्रिक्नीन नावाचं विष, त्याने स्नायू असे आखडतात की शेवटी श्वासच थांबतो. माणसाने याच्या वाटेला जाऊ नये, पण धनेश पक्षी हीच फळं आवडीने खातो, त्याला गर पाहिजे असतो आणि बी तो न चावता तशीच टाकून देतो. झाडाचाही हिशोब सरळ आहे, बी चावणाऱ्याला विष आणि बी लांब नेऊन टाकणाऱ्याला गर. वर्गात हे सांगितलं तेव्हा गेममधला नकाशा काढणारा पोरगा म्हणाला, बाई मग आपल्या जंगलात विषाची झाडं कुठेही नाही काढायची, पक्ष्याची ढोली जिथे असेल त्याच्या खाली काढायची. अगदी बरोबर बोलला, धनेशाच्या घरट्याखाली खरंच बियांची रोपं उगवलेली असतात. त्या दिवसापासून आमच्या गेममध्ये जंगलात शिरायच्या आधी सगळे आकाशाकडे बघतात, कुठला पक्षी कुठे चाललाय ते.

पण धोका काही जंगलातच असतो असं नाही, आणि मुलांच्या गोष्टींत मला याचीच सगळ्यात जास्त उणीव जाणवते. शेतात आणि कोठारात असतो तो धोका कुणी लिहीतच नाही. लाखोळीची डाळ घ्या. विदर्भात भंडारा-गोंदियाकडे भाताच्या पाठोपाठ पेरतात, पाणी नसलं तरी येते, चवीला चांगली, खायला स्वस्त. कधीतरी खाल्ली तर काही होत नाही. पण जेवणात मुख्य तीच राहिली आणि महिनोन्महिने तसंच चाललं तर पायातलं बळ जातं, माणूस काठीवर येतो, पुढे सरपटायला लागतो आणि ते परत बरं होत नाही. आता ती रोज मुख्य जेवण म्हणून कोण खाणार? ज्याच्याकडे दुसरं काही नाही तोच. मध्य प्रदेशात रीवा-सतनाकडे वेठबिगार मजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ दिली जायची. दुष्काळात बाकीची पिकं जळायची आणि ही तेवढी उभी राहायची, म्हणजे नेमक्या उपासमारीच्या वर्षीच लोक हिच्यावर जगायचे आणि त्याच वर्षी पांगळे व्हायचे. १९६१ मध्ये सरकारला तिच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. रात्रभर गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिलं की विष बरंच कमी होतं, पण ज्या घरात सरपणाचीच मारामार तिथे पाणी तापवणार कशावर?

यावरून आमच्याकडे एक धान्य तयार झालं, त्याला पोरांनी मुकधान असं नाव दिलं. एक घास खाल्ला तर काही नाही, एक हंगाम खाल्लं तर हळूहळू आवाज जातो. तिथला जमीनदार मजुरी त्याच धान्यात देतो. म्हणजे दोन-तीन वर्षांत शेतावरचं कुणी तक्रार करायला तोंडच उघडू शकत नाही. ही कल्पना आठवीतल्या मुलीची आहे, माझी नाही, आणि मला ती ऐकून काटा आला अंगावर. मग बाकीची पोरं विचारायला लागली, जमीनदार स्वतः काय खातो, त्याच्या स्वयंपाकघरात काम करणारी बाई कुठलं धान्य खाते, ती आवाज टिकवून आहे का, ती काय सांगू शकते. गोष्ट तिथून सुरू झाली ती त्या स्वयंपाकीण बाईचीच गोष्ट झाली.

बुरशीचंही तसंच. गेम आणि सिनेमांमुळे हल्ली सगळ्यांना मुंगीच्या डोक्यातनं उगवणारी बुरशी माहीत झाली, थायलंडच्या जंगलात तिचा चांगला अभ्यास झालाय, मुंगी झाडावरनं खाली येते, जमिनीपासून वीतभर उंचीवर पानाच्या शिरेला खालून घट्ट चावा घेते आणि तिथेच मरते. छान आहे, पण आता प्रत्येक गोष्टीत तीच, माणसाच्या डोक्यातनं उगवलेली भूछत्री. बाजरीच्या कणसाकडे कुणी बघत नाही. अरगट हा बुरशीचा रोग पडला की आधी कणसातनं गुलाबीसर मधासारखे चिकट थेंब गळतात, मग दाण्याच्या जागी काळपट कडक गाठी धरतात, त्या दळणात गेल्या की उलट्या, चक्कर, झापड. आणि उपाय किती साधा, पाण्यात वीस टक्के मीठ घालायचं, बाजरी त्यात ओतायची, बुरशीच्या गाठी हलक्या म्हणून वर तरंगतात, त्या काढून टाकायच्या आणि खालचं बी साध्या पाण्याने धुवून वाळवायचं. आता तुमच्या कल्पित राज्यात मीठ महाग असेल तर? मिठावर राजाने कर बसवला तर? एका बुरशीतनं अख्खं राजकारण उभं राहतं, जादू तर अजून आलीच नाही.

कोठारातली बुरशी किती घात करते ते १९७४ मध्ये गुजरातमधल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाड्याच्या भिल्ल गावांनी भोगलंय. कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला, मका ओला राहिला, बुरशी धरली, घरात खायला तेवढंच, तेच खाल्लं आणि शंभराहून जास्त माणसं यकृत निकामी होऊन गेली. घरची कुत्रीसुद्धा त्याच अन्नाने गेली. हे मी पोरांना गेमसाठी सांगितलं नाही, नुसतं सांगितलं, कारण काही गोष्टी खेळात घ्यायच्या आधी नीट कळायला पाहिजेत.

आणि ज्यात विष औषधालाही नाही असं धोक्याचं झाड हवं असेल तर मिझोरमचा बांबू. साधारण ४८ वर्षांनी तिथल्या एका जातीच्या बांबूला सगळीकडे एकदम फुलं येतात, मग फळं, ती खाऊन उंदीर बेसुमार वाढतात, फळं संपली की तीच फौज भाताच्या शेतात घुसते आणि दुष्काळ पडतो. मिझो लोक त्याला माउताम म्हणतात. १९५८-५९ मध्ये हे होणार असं जुन्या जाणत्यांनी आधीच सांगितलं होतं, सरकारदरबारी कुणी मनावर घेतलं नाही, दुष्काळ पडला, मदतीसाठी जी संघटना उभी राहिली तिचीच पुढे राजकीय संघटना झाली, १९६६ मध्ये उठाव झाला आणि शांतता करार व्हायला १९८६ उजाडलं. एका फुलोऱ्याचा हा पसारा! फूल बघायला आजी जिवंत आहे आणि तिने आधीचं एक बघितलेलं आहे, नातवंड हसतंय, अधिकारी हसतोय. असं कॅरेक्टर मराठी फँटसीत मला वाचायचंय.

आता एक काळजीची गोष्ट, आणि इथे मी संपादकांनाच हात जोडून विनंती करते. एका छापलेल्या गोष्टीत कण्हेर खाल्लेल्या मुलाला तुळशीचा रस देऊन लगेच बरं केलंय. लेखक लहान आहे, त्याचा काही दोष नाही, पण हे तुमच्याकडे कुणीतरी वाचून मगच छापायला हवं होतं. कण्हेर खरी आहे, जवळजवळ प्रत्येक सोसायटीच्या आणि शाळेच्या कुंपणाला आहे, तिचा परिणाम थेट हृदयावर होतो आणि त्यावर घरात करण्यासारखा काही उपाय नाही, ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं. धोतरा, गुंज, एरंड, कळलावी, यांच्यावरही घरगुती उतारा नाही, हॉस्पिटलच गाठायचं. म्हणून खरं नाव आणि खोटा उतारा अशी जोडी कधीच छापू नका. कल्पित उतारा द्यायचा तर झाडालाही कल्पित नाव द्यावं, आपल्या भाषेत नावं पाडायला काय तोटा आहे? आणि रानातल्या भूछत्रीबद्दल तर जास्तच जपा. डेथ कॅप म्हणून एक विदेशी भूछत्री आहे, ती खाल्ल्यावर बरेच तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब होतात, मग चक्क बरं वाटायला लागतं, माणूस उठून बसतो, घरचे निर्धास्त होतात, आणि त्याच वेळात आतमध्ये यकृत निकामी होत असतं. गोष्टीत ती मधली बरं वाटण्याची वेळ वापरा, तिच्याइतकं भयंकर दुसरं काही नाही, पण गोष्टीतल्या वैद्याने पाला चोळला आणि माणूस वाचला असं लिहून खऱ्या पोरांच्या डोक्यात काही भलतं भरवू नका.

पुढच्या वेळी गोष्टी मागवाल तेव्हा जाहिरातीत शब्दमर्यादेच्या खाली एवढं टाकता आलं तर बघा: तुमच्या गोष्टीत धोक्याची वनस्पती किंवा बुरशी असेल तर तिच्याजवळ कोण राहतं, ती कोण खातं, आणि तिच्यापासून कसं वाचायचं हे तिथल्या कुणाला माहीत आहे, ते चार ओळींत वेगळं लिहून पाठवा. ते छापलं नाहीत तरी चालेल. पोरांनी तेवढा विचार केला की गोष्टीत तो येतोच. आणि गोष्टी निवडताना एखाद्या वनस्पतीशास्त्राच्या शिक्षकाला खऱ्या झाडांची नावं तेवढी तपासायला सांगा, आमच्यातले बरेच जण हे काम आनंदाने आणि फुकट करतील, मी तर नक्कीच.

कळावे,
आपली एक वाचक,
माणगाव, रायगड